आमचा रविवार सोमवारी

प्रिय भाऊ,

गेल्या रविवारी तुमच्या मातीला मला वेळेवर येता आलं नाही. तोंडावर सांगायची सोय तुम्ही ठेवली नाहीत, म्हणून लिहिते आहे. बंगल्यातल्या पाहुण्यांच्या गाड्या आत्ताच गेल्या. खरकटी भांडी तशीच पडली आहेत, पडू देत. उद्या सोमवार, आणि त्याआधी तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

शुक्रवारीच जायचं होतं का हो तुम्हाला? चर्चच्या पंचांनी माती रविवारी ठेवली, तीही जोडून सुट्ट्या आलेल्या असताना! मॅडमना म्हटलं, आमच्या चर्चचे पाळक गेले. त्या म्हणाल्या, "सॉरी आशा, लेकिन लंच सर्व करके जाओ ना." केलं सर्व. वाढताना डोळे गळत होते, पाहुण्यांना वाटलं असेल कांदा झोंबलाय. मग खंडाळ्याहून निघाले तर लोणावळ्यापर्यंत गाड्यांची ही रांग! रिक्षा सोडून पायी पळाले. पोचले तेव्हा लोक माती देऊन परतत होते.

यशोदामावशी माझ्या जरा आधी पोचल्या होत्या. त्यांनाही उशीरच झालेला. शेजारच्या बंगल्यात धुणीभांडी करणाऱ्या, तिकोणा पेठेच्या आपल्या मावशी. कबरीशी बसकण मारून म्हणाल्या, "आशे, भाऊंनी आपल्यापायी सोमवारची उपासना सुरू केली गं, आन् आपल्यालाच माती देता आली न्हाई!" मी त्यांच्या शेजारी बसले आणि दोघी पोटभर रडलो.

मी चर्चला यायची बंद झाले होते तेव्हा तुम्ही थेट बंगल्याच्या मागच्या दारी आलात. ऐन रविवारी, मी पुऱ्या तळत असताना! "आशाबाई, देवावर रुसलात की पाळकावर?" मी फणकाऱ्यानं म्हटलं, "पाळकसाहेब, शनिवार-रविवार पाहुण्यांचा. आमचा रविवार सोमवारी येतो." तुम्ही हसला नाहीत. बटाट्याच्या पोत्यावर बसून लसूण सोलायला घेतलात. "साहेब बंगल्याच्या पुढच्या दारानं येतात, मला भाऊ म्हणा," म्हणालात. आणि जाताना, "मग सोमवारीच उपासना घेऊ."

पंचांमध्ये काय गहजब झाला! सॅम्युएलदादा सगळ्यात मोठे पंच, त्यांचा आवाजही मोठा. "आमच्यात उपासना रविवारीच होते. सोमवार महादेवाचा, लोक हसतील!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "महादेवाची हरकत नसेल, तर तुमची का असावी?" दादा तुमच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. पण सोमवार सुरू झाला.

आणि कोण कोण येऊ लागलं! स्वयंपाकिणी, माळी, हॉटेलातली रूमची पोरं, ड्रायव्हर. वराळ्याचा विलास बौद्ध, मावशींचा सोमवारचा कडक उपास. मावशींनी एकदा भीत भीत विचारलं होतं, "भाऊ, मला बाटवनार न्हाई ना?" तुम्ही खिशातून राजगिऱ्याचा लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवलात. "तुमचा उपास मोडला तर तुमच्या देवाला मी काय तोंड दाखवू?" तेव्हापासून दर सोमवारी सगळ्यांना चहा-खारी आणि मावशींना लाडू.

आमच्या सुट्टीसाठी तुम्ही बंगल्या-बंगल्याच्या गेटवर उभे राहिलात. कुणी आत घेतलं, कुणी कुत्रा सोडला. सगळ्यांना नाही मिळाली सुट्टी, पण विचारायचं असतं हे तरी आम्हाला कळलं. पण भाऊ, एक सांगा. दुसऱ्याच्या विश्रांतीसाठी इतकं भांडलात, मग छातीत दुखतंय हे आमच्यापासून का लपवलंत? "सर्दी आहे" म्हणे! पाळकानं खोटं बोलावं? राग येतो हो मला, आणि तो कुणावर काढू?

मातीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आम्ही नेहमीसारखे आलो, तर चर्चला कुलूप. सॅम्युएलदादा पायरीवर उभे. "नवीन पाळक येईपर्यंत सोमवार बंद. उपासना घेणार कोण?" आज बंद झाला की कायमचा बंद, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी घेईन."

दादा म्हणाले, "बाई माणूस? स्वयंपाकीण?" मी म्हटलं, "भाऊंनी उपासनेत माझ्याकडून पवित्र शास्त्र वाचून घेतलंय, अडखळले तरी थांबवलं नाही." ते म्हणाले, "बघू," आणि निघून गेले. किल्ली त्यांच्याच खिशात आहे.

भाऊ, मला जमेल का हो? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, सुरुवात तर करा.

तर उद्या आम्ही येतो आहोत. दार उघडलं तर आत, नाही तर पायरीवर. पहिली प्रार्थना तुमच्यासाठी नसेल. गेलेल्याला देव सांभाळतो, राहिलेल्यांना आपण सांभाळायचं, असं तुम्हीच सांगायचात. म्हणून पहिली प्रार्थना सॅम्युएलदादांसाठी करीन. अजून ती मनातून येत नाही, खोटं कशाला बोलू? पण मनातून येईपर्यंत दर सोमवारी मोठ्यानं करत राहीन. हा माझा शब्द.

तुमच्या सोमवारच्या मंडळीतली,
आशा