गाववाली म्हणून बसवलं

मंगळवार, जुलै. अल मजाज, संध्याकाळ.

डोकं अजून तापलंय. एवढ्या मोठ्या लॉ फर्ममध्ये समर असोसिएट, म्हणजे उन्हाळ्यापुरती शिकाऊ वकील, म्हणून लागल्यापासून आज पहिल्यांदा मला मीटिंगला बसवलं आणि मी मूर्खासारखी खूश झाले. बसवलं कशाला, तर मी रत्नागिरीची म्हणून.

रास अल खैमाच्या टाइल्स फॅक्टरीत काम करणाऱ्या, रत्नागिरीच्याच हमीदचाचांची दोन बोटं मशीनमध्ये गेली. आम्ही फॅक्टरीचे वकील. सीनियर मॅडम म्हणाल्या, "तू अपनी भाषा में बात कर, मैं आती हूँ." त्या बाहेर गेल्या आणि चाचांनी विचारलं, "गाव कुठला तुझा, पोरी?"

मग ते बोलतच सुटले. कूलर बंद होता, जीव घुसमटत होता, म्हणून त्या दिवशी हातमोजे काढले होते. जाताना पट्टी बांधलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. "आपली पोर आहे इथे. आता काळजी नाय."

मॅडमनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी जबाबात हातमोजे तेवढे लिहिले. कूलर नाही लिहिला. "परफेक्ट. खलास," म्हणाल्या.

तो पट्टीचा हात. मी कुणाच्या बाजूची, हे त्यांना का नाही सांगितलं? कुणी अडवलं होतं?

उद्या ते जबाबावर सही करायला येणार. मी शेजारी बसायचं, त्यांना धीर वाटावा म्हणून. बसेन. आणि मॅडमच्या समोरच सांगेन, "चाचा, मी फॅक्टरीवाल्यांची आहे. सही करू नका, आधी तुमचा वकील आणा."

मॅडमना मराठी कळत नाही. म्हणून तर मला बसवलंय.