चारनंतरची शाळा

सोमवार, ४ ऑगस्ट

चारची घंटा झाली आणि मी फाटकाकडे गेलेच नाही! सगळे डे-स्कॉलर सायकली काढत होते आणि मी उलट्या दिशेला, ट्रंक ओढत हॉस्टेलकडे. बाबांच्या पाठीचं ऑपरेशन दुसऱ्या शहरात आहे, आई त्यांच्याबरोबर गेलीय. ते परत येईपर्यंत मी बोर्डर.

पाचवीपासून या शाळेत आहे, आता नववी. पण हॉस्टेलचं ते हिरवं दार कधी ओलांडलं नव्हतं. त्याच्या आत चारनंतर काय चालतं? आम्ही त्यांना 'कैदी' म्हणतो. ते आम्हाला काय म्हणतात ते आज कळलं. आत पाऊल टाकलं नाही तोच कुणीतरी ओरडलं, "घरकोंबडी आली गं!" नाव पडलं ते पडलंच.

मंगळवार, ५ ऑगस्ट

तर चारनंतर काय चालतं? मोजे धुतात! ओळीने नळावर उभ्या राहून सगळ्या मोजे धुतात आणि गाणी म्हणतात. वर्गात तोंडातून ब्र न काढणाऱ्या मुली इथे गळा फाडून गातात. मी थक्क.

खोलीत आम्ही तिघी. एक लांबी — तिचे पाय खाटेबाहेर लोंबतात. दुसरी मांजर — कधी आली, कधी गेली, चाहूल लागत नाही. मांजर याच वर्षी नवी आलीय. फार बोलत नाही, पण बोलली की तिरकस! माझी उशी बघून म्हणाली, "घरून आणलीस? घरच आणायचंस ना."

शनिवार, ९ ऑगस्ट

संध्याकाळी कॉमन रूममध्ये नकला. मांजरने शांतताबाई केल्या, म्हणजे यंदाच आलेल्या आमच्या मुख्याध्यापिका मॅडम. चष्मा काढला, नाकाचा शेंडा चोळला, चष्मा बाहीला पुसून परत चढवला आणि अगदी हळू म्हणाली, "मी वाट बघते आहे." हसून हसून पोट दुखलं.

पण मॅडम नाकाचा शेंडा चोळतात? जूनपासून रोज बघतेय, मला कधी दिसलं नाही. हिने कुठे पाहिलं?

रविवार, १० ऑगस्ट

फोनचा दिवस. बाबा म्हणाले, "मी ठणठणीत आहे, उगाच कापताहेत." आईचा आवाज मात्र जरा ओढलेला. ऑपरेशन बुधवारी.

मांजर रांगेत नव्हती. लांबीला विचारलं. "ती कधीच नसते. तिला कुणी नसावं. विचारू नकोस." विचारू नकोस म्हटलं की मला आणखीच विचारावंसं वाटतं!

बुधवार, १३ ऑगस्ट

बाबा शुद्धीवर आले. पायाची बोटं हलवून दाखवली म्हणे. मी खूप रडले, कशाला कोण जाणे. नंतर बघते तर मांजरने माझे मोजे धुऊन दोरीवर टाकलेले.

रविवार, १७ ऑगस्ट

जेवण झाल्यावर मांजर मागच्या दाराने सटकली. मी मागोमाग. चांगलं नव्हे, ठाऊक आहे. पण गेले.

ती मैदानाच्या कडेने थेट मॅडमच्या बंगल्यात शिरली! मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी. आत मॅडम जुन्या गाऊनमध्ये, हातात कात्री. मांजर स्टुलावर. मॅडम जीभ बाहेर काढून तिच्या कपाळावरचे केस कापत होत्या आणि मांजर म्हणत होती, "अगं आई, तिरकं! तिरकं होतंय!"

आई!

परतताना तिने मला गाठलंच. वाटलं, आता ओरबाडणार. ती नुसती पायरीवर बसली.

"आधीच्या शाळेतही आईच मुख्याध्यापिका होती. मी आले की मुली गप्प. डब्याला बसले की घोळका पांगायचा. म्हणून इथे मीच अट घातली. हॉस्टेलमध्ये राहीन, आडनाव बाबांचं लावीन, कुणाला सांगायचं नाही, भेटायचं ते फक्त रविवारी."

"आणि बाबा?"

"ते नाहीत. मी लहान होते."

"आईची आठवण येत नाही?"

"येते ना. मग नक्कल करते."

गुरुवार, २१ ऑगस्ट

घात झाला. मांजर आमच्या खोलीत नक्कल करत होती आणि दारात साक्षात मॅडम! लांबीला आणि मला या रविवारी खोलीबाहेर बंदी. मांजरला महिनाभर दर रविवारी.

महिनाभर! लांबीला वाटतं, मैदान बुडेल. मला एकटीला ठाऊक आहे काय बुडणार ते. या बाईंनी स्वतःलाच शिक्षा केलीय. का?

शुक्रवार, २२ ऑगस्ट

ऑफिसात गेले. म्हटलं, "तिला जास्त का?"

"नक्कल तिची होती."

"हसलो तर आम्हीही. मॅडम, कमी शिक्षा दिली तर पक्षपात होतो. जास्त दिली तर नाही होत?"

मॅडमनी चष्मा काढला. नाकाचा शेंडा चोळला.

"तुला माहीत आहे तर."

मी मान डोलावली. वाटलं, आता आपली शंभरी भरली. त्या म्हणाल्या, "बस." आणि मग एकदम — "ती झोपते का नीट? पांघरूण लाथाडते का अजून? कुणाशी बोलते? रेक्टर मला मार्क सांगतात आणि ताप सांगतात. मी विचारलं की ती म्हणते, बरंय."

म्हणजे त्या हिरव्या दाराआड काय चालतं, हे त्यांनाही कोडंच!

मी सगळं सांगितलं. मोजे, गाणी, तिरकस बोलणं. त्या ऐकतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मी कशी आहे तिच्या नकलेत? काल पुरतं दिसलं नाही. करून दाखव."

दाखवली! मॅडमसमोर, मॅडमची, मांजरने केलेली. त्या इतक्या हसल्या की शिपाई दार उघडून बघून गेला. हसता हसता थांबल्या. "मी शाळेत असले की तिला आई नसते," म्हणाल्या.

रविवार, २४ ऑगस्ट

तिघींनाही सारखीच शिक्षा, एक रविवार. दिवसभर खोलीत पत्ते. मांजर लबाडी करते.

शनिवार, ३० ऑगस्ट

आई-बाबा आले. बाबा काठी टेकत, पण आपल्या पायांनी. मी घरी. माझी खोली इतकी शांत कधीपासून आहे? मोजे आईने धुवायला मागितले. म्हटलं, राहू दे, मी धुते. आई बघतच राहिली.

सोमवार, ३ नोव्हेंबर

नवं सत्र. मॅडमच्या खुर्चीत दुसऱ्याच बाई. मॅडम बदली मागून गावाच्या त्या टोकाच्या शाळेत गेल्या. मांजर मात्र याच शाळेत राहिलीय, फक्त हॉस्टेल सोडून. शाळा सुटल्यावर ती दप्तर घेऊन माझ्याबरोबर बाहेर पडली. रस्त्यापलीकडे आयांच्या घोळक्यात, नेमकं कुठे उभं राहावं ते न कळून, मॅडम. मांजर सगळ्यांदेखत ओरडली, "आई! इकडे!"