फेरतपासणीचा अर्ज

अमरावती
मंगळवार, १५ जुलै २०२५

श्यामभाऊ,

नमस्कार. आई-बाबांना नमस्कार सांग, चंदावहिनीलाही. आम्ही इकडे ठीक आहोत. पौर्णिमाची शाळा सुरू झाली, ती शिकवायला सकाळी सातला निघते. तुमची शेतातली डवरणी आटोपली असेल.

हे पत्र बियाणेवाल्या नत्थुजींच्या हाती पाठवतो आहे. ते आज सामान घ्यायला इथे आले आहेत. पाकीट पाहून म्हणाले, "चिठ्ठी? फोन बंद पडला का तुमचा?" मी म्हणालो, फोन चालू आहे, तिकडून कोणी उचलत नाही. "मंग लग्नाबिग्नाचं असन काही," असं म्हणून ते बाजारात गेले; परत जाताना पाकीट घेऊन जातील. रात्रीपर्यंत तुला मिळेल.

आधी कामाचं. पूर्णामाई न्यासाच्या शिष्यवृत्तीच्या यादीत प्राजक्ताचं नाव नाही, हे तुम्हाला काल कळलंच असेल. इंग्रजीत साठ लागतात, तिला अठ्ठावन्न आहेत. सोबत फेरतपासणीचा कोरा अर्ज जोडला आहे. त्यावर तिची आणि वडील म्हणून तुझी सही लागते. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तो न्यासाच्या अमरावतीच्या कार्यालयात पोचला पाहिजे. पोस्टाने पाठवू नकोस. सकाळच्या एसटीने कोणीतरी या. शिष्यवृत्ती मिळाली तर होस्टेल आणि तीन वर्षांचं शिक्षण इथे होईल. नाही तर ती बाळापुरात राहून बाहेरून बी. ए. करणार, असं नत्थुजी सांगत होते.

दोन गुणांचं काय, असं तुला वाटेल. बेरजेत चूक होते, एखादं पान तपासायचं राहतं.

तसं झालेलं नाही. बेरीज बरोबर आहे. तो पेपर मी तपासला.

पेपरवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पंचवीस पेपरांचा गठ्ठा हातात देण्याआधी आमच्याकडून लिहून घेतात की, माझ्या जवळच्या नात्यातलं कोणी या परीक्षेला बसलेलं नाही. मी सही केली. ती खोटी नव्हती. प्राजक्ता बसली आहे हे मला माहीत नव्हतं. मला कोण सांगणार होतं?

एका प्रश्नात पाच शब्द दिले होते आणि प्रत्येकाचं वाक्य करायचं होतं. आपण मराठीत पेशंट तपासतो, शाळा तपासतो आणि हिशोबही तपासतो. इंग्रजीत तसं चालत नाही. डॉक्टर एक्झामिन करतो, साहेब शाळा इन्स्पेक्ट करतो, माहिती काढायची तर एन्क्वायर, एखादी गोष्ट वापरून पाहायची तर टेस्ट, आणि बारीक नजरेने उणं शोधायचं तर स्क्रुटिनाइज. मुलं बहुतेक गाइडातली वाक्यं उतरवतात. सहा पेपरांत तोच डॉक्टर आणि तोच पेशंट होता.

सातव्या पेपरात टेस्टचं वाक्य असं होतं: माझे आजोबा पेरणीआधी मातीचा गोळा मुठीत दाबून खाली टाकतात आणि वापसा आला का ते पाहतात. मला बाबा आठवले, पण तसं सगळेच करतात. पुढे एन्क्वायर होतं: माझी आजी व्यापाऱ्याला तुरीचा भाव सांगण्याआधी त्याच्या मामाचं गाव विचारते.

मी हसलो. शेजारचे सर म्हणाले, "काय झालं?" मी म्हणालो, काही नाही. असं विचारणारी बाई साऱ्या तालुक्यात एकच आहे.

तिथेच गठ्ठा परत करायला हवा होता. परीक्षाप्रमुख रागिणी मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा गठ्ठा दिला असता, पाच मिनिटांचं काम. पण त्यांनी विचारलं असतं की, सर, सख्ख्या भावाची मुलगी बसली आणि तुम्हाला पत्ता नाही? तीन वर्षांपूर्वी परीक्षेत तुझ्या सागरच्या बाकाखाली सापडलेला कॉपीचा कागद मी रिपोर्टात लिहिला, त्याचं वर्ष गेलं आणि तू अंगणात सगळ्यांसमोर म्हणालास, "तू काका हायेस का पोलीस?" हे मी अमरावतीत कोणाला सांगितलेलं नाही. म्हणून पुढे तपासत गेलो.

काकाने पास केली असं कोणी म्हणू नये म्हणून हात आखडता घेतला, असं मी कालपर्यंत स्वतःला सांगत होतो. पौर्णिमालाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "बाकीचं सगळं बरोबर दिलंत, मग एकाच वाक्यावर हात कसा आखडला?"

ते वाक्य स्क्रुटिनाइजचं होतं. माझे काका प्रत्येक माणसाला स्क्रुटिनाइज करतात, म्हणून आमच्या घरी दिवाळीला एक ताट कमी असतं.

पोरीने शब्द अगदी नेमका वापरला होता. वर्गात मी पंधरा वर्षं शिकवतो आहे, मला इतकं चांगलं उदाहरण सुचलेलं नाही. मी तिथे लाल पेनने शून्य दिलं आणि बाजूला लिहिलं, उदाहरण अयोग्य. तेच ते दोन गुण.

आज दुपारी रागिणी मॅडमना सगळं लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "हे तेव्हाच सांगायचं होतं, सर." मी म्हणालो, लाज वाटली. "पेपरची?" म्हटलं, नाही, घरची. त्यांनी कागद फायलीत लावला. मग म्हणाल्या, "तुमचं नाव परीक्षकांच्या यादीतून काढावं लागेल. आणि मुलीकडून अर्ज आल्याशिवाय मला त्या पेपरला हात लावता येत नाही." तपासणारे दुसरे असतील. ते किती देतील हे मी सांगू शकत नाही.

म्हणून हे सगळं लिहिलं. अर्ज करावा की नाही हे माझ्यावरच्या रागावरून ठरवू नकोस. राग ठेव, तो तुझ्या हक्काचा आहे. सागरच्या वेळी मी खरं लिहिलं होतं आणि आजही तेच लिहीन, पण नंतर त्याला भेटायला आलो नाही, ते चुकलं. तो अकोल्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये लागला हेही मला नत्थुजींकडूनच कळलं.

शुक्रवारी मी कार्यालयात नसेन, कॉलेजला असेन. तिकडे येताना मी समोर येईन अशी काळजी करू नकोस.

प्राजक्ताला हे पत्र वाचायला दे. निदान एवढं तरी सांग, की तिचं ते वाक्य बरोबर होतं आणि तपासणाऱ्यालाही ते तेव्हाच कळलं होतं.

तुझा धाकटा भाऊ,
किशोर