खुटबावच्या वडावरची वाघळं

शिरूर,
२४ मार्च २००३

प्रिय आप्पा,

दौंडहून तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची राहिली, पण गुडघ्यांचं नाव निघालं की मला खुटबाव आठवतं. का ते सांगते.

संस्थेतर्फे मी दर रविवारी गावोगाव वटवाघळांबद्दल शिकवायला जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. खुटबावच्या ओढ्याकाठी जुना वड आहे. त्यावर चार-पाचशे वाघळं उलटी टांगलेली असायची, आपसात भांडत, पंखांनी वारा घेत. पहिल्या रविवारी मुलांना तिथंच नेलं. ओढ्याकाठची उंबरं यांनीच बिया टाकून लावली, असं सांगितलं. पिल्लं पोटाशी धरलेल्या माद्या दुर्बिणीतून दाखवल्या. किती दिवसांनी मन इतकं भरून आलं होतं.

तेवढ्यात सोनम नावाच्या मुलीनं विचारलं, "बाई, ह्या झाडावर म्हसोबा हाय म्हणत्यात. वाघळाला हात लावला की माणूस लुळं पडतं. खरं हाय का?" बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तुम्ही मला बाराखडी शिकवलीत, भूत नसतं हे पटवायला भर दुपारी स्मशानातून चालवत नेलंत. मी ताठ मानेनं सांगितलं, काही नसतं. ज्या पारावर कुणी चपला घालून चढत नाही, त्यावर चढूनही दाखवलं. मोठी माणसंही बघत होती.

तिसऱ्या रविवारी गेले, तर झाड रिकामं. पाराखाली फाटक्या छत्रीच्या कापडासारखे पंख, त्यांवर माश्या. फटाके लावून, जाळी टाकून सगळी पाडली होती. पिल्लंसुद्धा. सांधेदुखीवर तेल म्हणून चरबी कढवणं चाललं होतं. तो वास अजून नाकातून जात नाही. गावकऱ्यांच्या हसण्याची, त्यांच्या नखांत अडकलेल्या चिकट काळ्या चरबीची मला किळस आली. मागं गावात चहाला बसल्यावर आईच्या गुडघ्यांचं मीच बोलून गेले होते. तिथल्या संपतमामांनी त्या तेलाची बाटली पुढं केली. "तुमच्या आईसाठी ठिवलीया, बाई. आमी पिढ्यान्‌पिढ्या भ्यायलो. तुमीच डोळं उघाडलं." तिथून किळस माझ्याकडं वळली. बाटली मी घेतली, आप्पा. नको म्हणायला तोंड नव्हतं. एसटीत मांडीवर धरून आणली आणि शिरूर स्टँडच्या गटारात ओतली. हात किती वेळा धुतले, विचारू नका. वनखात्याकडं तक्रार करायला गेले, तर कळलं की कायद्यात ही वाघळं उंदीर-घुशींच्या यादीत आहेत, मारली तरी गुन्हा नाही.

काल राहू गावाला गेले होते. तिथंही चिंचेवर वाघळं आहेत, बुंध्याशी नारळ फुटतात. गिताबाई नावाच्या आजींनी सगळ्यांसमोर विचारलं, हितं देव हाय का न्हाई, ते तुमी शिकलेल्यांनी सांगा. मी म्हणाले, "हाय. लई कडक हाय." सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिते आहे. पुन्हा कुणी विचारलं, तर मी पुन्हा तेच सांगणार आहे. शनिवारी घरी येऊ का, तेवढं कळवा.

तुमचीच, अजून तरी,
करुणा