हरित राहणी आणि माझी साखर

३ फेब्रुवारी, दुपार
डॉक्टरांकडे जाऊन आलो. साखर वाढलेली, प्रेशर वाढलेलं. पोटाबद्दल ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. म्हणाले, तीन महिने देतो, नाहीतर गोळी सुरू करू. विचारलं, किती दिवस घ्यायची? म्हणाले, दिवस कसले, कायमची.

जोडप्याला तपासणीत सवलत होती म्हणून बायकोनेही रक्त दिलं होतं. तिचे आकडे माझ्याहून वाईट निघाले. जरा बरं वाटलं.

गोळ्यांची मला भीती वाटते. इथे लपवून काय करायचंय? थोरल्या भावाची सुरुवात अशीच एका गोळीने झाली. आता त्याच्याकडे वार छापलेला प्लास्टिकचा डबा आहे आणि गप्पांना दुसरा विषय नाही. मी डबेवाला होणार नाही म्हणजे नाही.

५ फेब्रुवारी
एक लेख वाचला. पर्यावरणपूरक राहणीचे वैयक्तिक फायदे. वजन उतरतं, प्रेशर उतरतं, गाढ झोप लागते, शेजाऱ्यांशी संबंध सुधारतात. म्हणजे पृथ्वीही वाचणार आणि मीही. क्रम कोणताही चालेल.

ठराव: गाडी विकायची, सायकल घ्यायची. लिफ्ट बंद, चौथा मजला असला तरी. वॉशिंग मशीन बंद. ओल्या कचऱ्याचं बाल्कनीत खत. अन्नाचा कण वाया घालवायचा नाही.

ऑफिसात मी प्लॅनिंगला आहे. आमच्याकडे योजना एक खातं आखतं आणि अंमलबजावणी दुसरं करतं. घरीही तीच पद्धत ठेवली. बायकोला हॉलमध्ये बसवून रीतसर प्रेझेंटेशन दिलं. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तर तिने एकच विचारला, तू काय करणार? म्हटलं, देखरेख.

११ फेब्रुवारी
गाडी गेली. सायकल आली. शिवाय बांबूचे ब्रश, कापडी पिशव्या, स्टीलची बाटली, खताचा डबा. प्रत्येक वस्तू वेगळ्या खोक्यात आणि खोक्यात हातभर प्लास्टिक. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. बायकोने सगळी खोकी जिन्याने खाली नेली. लिफ्ट बंद आहे ना. मी वरून कठड्याशी उभं राहून मार्गदर्शन केलं.

१४ फेब्रुवारी
सायकलवरून ऑफिसला निघालो. कोपऱ्यावरच्या चढाशी आमच्या खालच्या मजल्यावरचा इन्शुरन्सवाला दिसला. एवढी मोठी गाडी आणि आत एकटाच. मला ते बघवेना. सायकल किराणावाल्याच्या दाराशी लावली आणि गाडीत इन्शुरन्सवाल्याच्या शेजारी जाऊन बसलो. याला कारपूलिंग म्हणतात, लेखात त्यावर अख्खा परिच्छेद होता.

संध्याकाळी बाजारातून येताना सायकल बायको घेऊन आली. म्हणाली, बरी चालते. म्हटलं, निवड कोणाची आहे.

२२ फेब्रुवारी
अन्नाची नासाडी हा फार गंभीर विषय आहे. आज ऑफिसात कॅशियरचा वाढदिवस. अर्धा केक तसाच टाकून लोक आपापल्या टेबलांवर गेले. इतकी बेफिकिरी. मीच संपवला. मग मीटिंगमधल्या पेस्ट्र्या उरल्या. शिपाई म्हणाला, साहेब, बांधून देऊ का? म्हटलं, नको, उगाच पॅकिंग कशाला? इथेच खातो.

१ मार्च
लिफ्टबाबत खुलासा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टने निघाल्याच होत्या. मी चढलो काय, न चढलो काय, वीज तेवढीच. तेव्हा कोणी सोबत असेल तर लिफ्ट चालेल असा ठरावात बदल केला. आजी येईपर्यंत खाली बाकावर थांबावं लागतं. तेवढी झळ मी सोसतो.

९ मार्च, सकाळ
बाल्कनीत खताला वास येतोय. बायको ते रोज खालीवर करते, मी खिडकी बंद करतो. चादरी हाताने पिळून तिचे दंड भरलेत. आताशा ती पाठ टेकली की झोपते, माझं ऐकायलाही जागी राहत नाही. मला कुठली झोप? मला पृथ्वीची काळजी असते.

२४ मार्च
पॅंट कमरेत होईना. हाताने धुतलेले कपडे आटतात, हे त्या लेखवाल्याने कुठेच लिहिलं नाही. बायकोच्या कपड्यांचं मात्र उलट झालंय, ते सैल पडलेत. कापडाची प्रत हल्ली राहिलीच नाही.

६ एप्रिल
बायकोने बाल्कनीत त्या खतावर वाढवलेले टोमॅटो इन्शुरन्सवाल्याच्या बायकोला दिले. तिने शिलाई मशीन काढून आमच्या फाटक्या उशा शिवून दिल्या. मग आजींनी रोपं मागितली. आता सकाळी आमच्या दाराशी बायकांचा घोळका. सगळ्या मिळून सायकलवर जातात. आमची सायकलही जाते, अर्थात. शेजाऱ्यांशी संबंध सुधारणार होते ते सुधारले. मला कोणी चहाला बोलावलं नाही.

१३ एप्रिल
विश्वासघात. इन्शुरन्सवाल्याने त्याच्या बायकोचं ऐकून गाडी विकली आणि सायकल घेतली. दुसऱ्यांचा काही विचार? आता मी ऑफिसला जायचं कसं? टॅक्सीने गेलो. टॅक्सी काय, ती कोणाला तरी घेऊन जाणारच असते.

२९ एप्रिल
पुढच्या आठवड्यात तपासणी. हातात दिवस थोडे आहेत, म्हणून कडक उपाय. रात्रीचं जेवण बंद. संध्याकाळचा केक जेवणात धरत नाहीत.

लिफ्टही सोडली. आज दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो आणि पायरीवर बसलो. छाती धडधडत होती. बायको वरून पिशवी घेऊन उतरत होती, मला पाहून शेजारी बसली. म्हणाली, घाबरलायस ना? म्हटलं, छे, जिन्याची पाहणी करतोय. तिने माझी बॅग घेतली आणि दुसऱ्या हाताने मला उठवलं. हाताला केवढी ताकद आलीय तिच्या. मी घाबरलोच होतो.

५ मे, सकाळ
रक्त देऊन आलो. दोघंही. नर्सने माझी नस शोधायला वेळ लावला. अपशकुन मी मानत नाही.

६ मे
डॉक्टर रिपोर्ट बघून खूश झाले. खुर्चीतून उठले. म्हणाले, साखर, प्रेशर, वजन, सगळं जागेवर आलंय, गोळीची गरज नाही. माझे डोळे भरून आले. मी हात पुढे केला. डॉक्टर म्हणाले, हा मॅडमचा रिपोर्ट आहे.

माझा दुसऱ्या पाकिटात होता. तो वाचताना डॉक्टर खाली बसले.

मग त्यांनी विचारलं, मॅडमनी नेमकं केलं काय? ती बोलायच्या आत मीच सगळी योजना समजावून सांगितली. लिफ्ट, सायकल, खत, हाताने धुणं. योजना माझी आहे, हेही सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, योजना उत्तम आहे, आता तुम्हीही करून बघा. आणि गोळी लिहून दिली.

वाटेत बायकोने माझा रिपोर्ट घडी घालून आपल्या पिशवीत ठेवला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

७ मे, सकाळ
पहिली गोळी घेतली. स्टीलच्या बाटलीतल्या पाण्याबरोबर. पर्यावरणासाठी आपल्याकडून होईल तेवढं करायचं.

गिळेपर्यंत बायको समोर उभी होती. म्हणाली, उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर चालायला यायचं, जिन्याने उतरून जिन्यानेच चढायचं, आणि ऑफिसातल्या केकचं काय करायचं ते शिपाई बघेल, मी त्याला फोन केलाय. विचारलं, मग देखरेख कोणाची? म्हणाली, माझी.

गोळ्या ठेवायला डबाही तिनेच आणला. नवं प्लास्टिक कशाला विकत घ्यायचं, म्हणून भावाचा जुना मागून घेतला. त्याला आता मोठा लागतो. डबा धड आहे, फक्त सोमवारचं झाकण नीट बसत नाही.