तिसरी खिडकी प्रॉडक्शन्स, नाशिक – ब्रिस्टल

२८ जुलै

कंपनी नेमकी कधी सुरू होते? नाव ठरतं तेव्हा, पाटी लागते तेव्हा, की पहिलं काम येतं तेव्हा? दुपारपासून खोलीत फेऱ्या मारतेय. उत्तर माहीत नाही. नाव ठरलंय. पाटी रंगवायला टाकलीय. काम नाही. तीनपैकी दीड गोष्ट झाली, असं धरून आजपासून कंपनी सुरू.

नाव तिसरी खिडकी प्रॉडक्शन्स. ऑफिसला दोन खिडक्या आहेत, तिसरी कॅमेऱ्याची. महेशला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, आधीच्या दोनातली एक उघडत नाही.

महेश माझा मावसभाऊ. लग्नांचे व्हिडिओ करतो. कॅमेरा त्याचा. ऑफिस म्हणजे त्याच्या वडिलांच्या पिठाच्या गिरणीवरची खोली. ध्येय माझं.

संकल्प: रोज दोन तास जगातल्या स्वतंत्र निर्मितीसंस्थांचा अभ्यास.

३० जुलै, सकाळी ७

अभ्यास करता करता ब्रिस्टलची थिसलगेट पिक्चर्स सापडली. २००६ साली दोन मैत्रिणींनी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत सुरू केली. पहिली फिल्म छपरावरच्या समुद्रपक्ष्यांवर. आज तीन शहरांत ऑफिसं, जगभर मालिका.

अंगावर काटा आला. ते सायकल दुरुस्तीच्या वर, आम्ही गिरणीच्या वर.

३ ऑगस्ट

त्यांच्या वेबसाइटवर ‘आमचा प्रवास’ असं पान आहे. बहुतेक पाठ झालं. २००६ मध्ये दोन माणसं, २००९ मध्ये नऊ, २०१५ मध्ये सत्तर. आमचा आलेखही काढला. जुलैत एक माणूस (मी), ऑगस्टमध्ये दोन (महेश हो म्हणाला). एका महिन्यात शंभर टक्के वाढ. थिसलगेटला दोनाचे चार व्हायला दीड वर्ष लागलं होतं.

महेशचं म्हणणं, तो हो म्हणाला ते चहाला.

८ ऑगस्ट

घरी झेंडूची लागवड चाललीय. मखमलाबादच्या वावरात एक एकर, सगळा दसऱ्याच्या हिशेबाने. आईने सकाळी हाक मारली. मी कंपनीचं व्हिजन डॉक्युमेंट लिहीत होते, जाता आलं नाही. नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले, असू दे, ती शिकलेली आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, त्यामुळे नाना हे वाक्य देवाला फूल वाहावं तसं वापरतात. मला त्याची लाज वाटते आणि सोयही होते.

संकल्प: उद्यापासून सकाळी एक तास शेतात.

९ ऑगस्ट

गेले नाही. थिसलगेटला अकरा पानी प्रस्ताव पाठवला. विषय: परस्पर सहकार्य.

१९ ऑगस्ट

उत्तर नाही. मोठ्या संस्था विचार करायला वेळ घेतात. दिवसात चौदा वेळा मेल बघितला. उद्यापासून फक्त तीन वेळा.

२० ऑगस्ट

नऊ वेळा. सुधारणा आहे.

२३ ऑगस्ट, दुपारी ३.४०

उत्तर आलं!

हॅरिएट नावाच्या रिसर्चरचं. अकरा पानांचा उल्लेख नाही, म्हणजे त्यावर आक्षेप नाही. ते जगातल्या फुलांवर आणि सणांवर मालिका करताहेत. माझ्या ओळखीचं कोणी झेंडू पिकवतं का?

माझ्या ओळखीचं! आईला मिठी मारायला खाली धावले. आई बाजारातून दळण न्यायला यायची होती, अजून पोचली नव्हती. गिरणीत दळण घेऊन आलेल्या बाईंना मारली.

मेलच्या तळाशी लिहिलंय, हा मजकूर गोपनीय असून फक्त ज्यांना पाठवला त्यांच्यासाठीच आहे. म्हणजे गोपनीयतेचा करार. मी मनोमन मान्य केला. घरी एक शब्द बोलायचा नाही.

२४ ऑगस्ट

महेशला तो मजकूर दाखवला. (तो स्टाफ आहे, चालतं.) तो म्हणाला, हे त्यांच्या प्रत्येक मेलखाली आपोआप येतं, डायरेक्टरताई, माझ्या बँकेच्याही मेलखाली असतं. बँकेशी तुलना करणाऱ्या माणसाला सिनेमा काय कळणार.

२९ ऑगस्ट

हॅरिएटने विचारलं, तुमच्याकडे झेंडूचा मुख्य सण कुठला, आणि शेत सगळ्यात सुंदर कधी दिसतं? मी लिहिलं: दसरा. १२ ऑक्टोबर. त्या दिवशी नजर पोचेल तिथवर सोनं.

दोन तासांत उत्तर. दिग्दर्शकाला ‘नजर पोचेल तिथवर सोनं’ फार आवडलं. ड्रोन आणणार. सणाच्याच दिवशी, सकाळी, फुलांनी भरलेलं शेत. मी तिथे त्यांची ‘स्थानिक संपर्क’ असेन.

सहनिर्माती म्हणायचं असणार. इंग्लंडमध्ये शब्द जपून वापरतात.

४ सप्टेंबर

लेटरहेड छापून आलं. पाचशे. तिसरी खिडकी प्रॉडक्शन्स, आणि खाली बारीक अक्षरात: नाशिक – ब्रिस्टल. पहिलं पत्र हॅरिएटला, दुसरं कॉलेजच्या प्राचार्यांना, तिसरं घरी पेटीत जपून.

महेशने विचारलं, ब्रिस्टलमध्ये आपलं कोण आहे? मी सांगितलं, संबंध आहेत.

१२ सप्टेंबर

आज कळलं की थिसलगेटने आपला मोठा हिस्सा दुसऱ्या एका बड्या कंपनीला विकलाय. वेबसाइटवर अजून ‘स्वतंत्र’ लिहितात. दिवसभर अस्वस्थ. मग विचार केला, आपलं ऑफिस मावशीच्या नवऱ्याचं, कॅमेरा महेशचा, जेवण आईचं, तरी आपण स्वतंत्रच आहोत. प्रश्न वृत्तीचा आहे. झोप लागली.

२२ सप्टेंबर

ऑफिसात मुलाखतीचा सराव. महेश कॅमेऱ्यामागे, मी कॅमेऱ्यासमोर. खाली गिरणी सुरू होती, माझ्या प्रत्येक वाक्याखाली ज्वारी दळली जात होती. थिसलगेटच्या पहिल्या फिल्ममध्येही खालच्या दुकानातली हातोडी ऐकू येते, असं त्यांनीच लिहिलंय.

आईने विचारलं, एवढी धावपळ कसली, जागेवर बसतच नाहीस. मी सांगितलं, सांगता येत नाही. तिने नानांकडे बघितलं. दोघांनाही बहुतेक वाटतंय की माझं लग्नाचं काहीतरी आहे.

१ ऑक्टोबर

झेंडू कळ्यांनी वाकलाय. घटस्थापनेसाठी नानांनी पहिला हलका तोडा केला. मी बांधावर उभी राहून ड्रोन कुठून उडेल ते बघितलं. ठमाबाई तोडणाऱ्या बायकांची मुकादम. ओरडून म्हणाली, साहेबीणबाई, टोपली धरा थोडी. मी धरली. तीन मिनिटं. फोन आला.

(फोन महेशचा होता. चार्जर कुठाय विचारत होता.)

६ ऑक्टोबर, रात्री

आता सहा दिवस उरले. जेवताना गोपनीयता उठवली. सगळं सांगितलं. ब्रिस्टल, ड्रोन, दसऱ्याची सकाळ, फुलांनी भरलेलं आपलं वावर.

नानांनी भाकरी ताटात ठेवली. आई आधी हसली. मग माझा चेहरा बघून थांबली.

“दीपा, दसऱ्याच्या सकाळी वावरात फूल कोण ठेवतं गं? ते गणेशवाडीला बाजारात असतं.”

जेवणापासून हे वाक्य डोक्यात फिरतंय. दोन दिवस आधी तोडा सुरू होतो, आदल्या पहाटे टेम्पो जातो, दसऱ्याच्या सकाळी आमच्या शेतात फक्त हिरवा पाला असतो. बावीस वर्षं मी या घरात राहतेय. दर दसऱ्याला मी झेंडूच झेंडू बघितला. तो कुठे बघितला, हे लिहिताना आठवलं नाही.

७ ऑक्टोबर

घाबरायचं कारण नाही. अडचणी येतात. ‘आमचा प्रवास’ पानावर आहे, २०११ साली शूटिंगला उशिरा पोचल्याने त्यांचं आख्खं वादळ चुकलं होतं.

योजना एक: तारीख अलीकडे. हॅरिएटचं उत्तर, टीम अकरा तारखेलाच भारतात पोचतेय, अलीकडे जमणार नाही.

योजना दोन: पाच सऱ्या राखून ठेवायच्या. हॅरिएटने दिग्दर्शकाला विचारलं. त्याला पाच सऱ्या नकोत, नजर पोचेल तिथवर हवंय. माझंच वाक्य.

योजना तीन: बाजारातून फुलं परत आणून झाडांना बांधणे. हे लिहून ठेवतेय, कारण मी खरोखर पंधरा मिनिटं यावर विचार केला.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ ६

नाना विहिरीवर फवारणीचा पंप धूत होते. मी जाऊन उभी राहिले. काही विचारलं नव्हतं, फक्त उभी होते. त्यांनीच सांगितलं.

“नाही तोडत मी. तुझ्या कंपनीचं पहिलं काम हाय. फूल काय, दिवाळीला परत येईल.”

मी थँक्यू म्हणाले. आपल्याच बापाला थँक्यू. ते पंप पुसत राहिले.

एवढा मोठा प्रश्न सुटला. आनंद व्हायला हवा. गच्चीवर चढले, उतरले, परत चढले.

९ ऑक्टोबर, सकाळ

नानांनी ठमाबाईला निरोप पाठवला, उद्या येऊ नका. टेम्पोवाल्यालाही नको सांगितलं. आजूबाजूच्या सगळ्या वावरांतून बायकांचे आवाज येताहेत, आमच्याकडे शांतता. दिसायला शेत अप्रतिम. महेश बघून म्हणाला, आयला, खरंच सोनं. मग म्हणाला, काका वेडे झाले का?

दुपारी

बसवत नाही. उभं राहवत नाही. कॉल शीट बनवायला घेतलं, शूटिंगला कोण किती वाजता हजर त्याची यादी. पहिलं नाव माझंच टाकलं.

सातवीत असताना मला सुट्टीत फुलं तोडायचा कंटाळा यायचा. तेव्हा नानांनी मला झाडापाशी बसवून दाखवलं होतं. पूर्ण फुललेलं फूल झाडावर तसंच ठेवलं तर झाडाला वाटतं आपलं काम झालं, ते पुढची कळी धरत नाही. म्हणून वेळेवर तोडायचं.

म्हणजे दिवाळीलाही फूल येणार नाही. हे नानांना माहीत आहे. मला माहीत आहे हेही त्यांना माहीत असावं. तरी त्यांनी पंप पुसता पुसता ते वाक्य मला दिलं, आणि मी ते घेतलं.

संध्याकाळी

आई देव्हाऱ्याजवळ वाती वळत होती. मी विचारलं, तू काहीच कसं म्हणत नाहीस? ती म्हणाली, “तुझ्या बापाला आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी ऑफिसच्या कामाला उपयोगी पडायला मिळतंय. मी कशाला मोडता घालू?”

१० ऑक्टोबर, पहाटे ५.३०

स्कूटर काढली. मेल नंतर. आधी ठमाबाई.

१० ऑक्टोबर, रात्री

ठमाबाई दारात दात घासत होती. मी म्हणाले, सगळ्यांना घेऊन चला. ती म्हणाली, “काल बाप नको म्हणतो, आज पोरगी चला म्हणती. वावर कोणाचं हाय, तुमचं का गोऱ्यांचं?”

मी म्हणाले, आमचं.

सात वाजता बायका शेतात. नाना गोठ्यातून बाहेर आले, बघितलं, माझ्याकडे आले. मला वाटलं रागावतील. त्यांनी डोक्याचा रुमाल काढून माझ्या डोक्याला बांधला, ऊन लागेल म्हणून, आणि टेम्पोवाल्याला फोन लावायला गेले.

बांधावर बसून हॅरिएटला मेल केला. बारा तारखेला शेत रिकामं असेल. चूक माझी आहे. पाठवलं आणि फोन आईच्या पिशवीत टाकला.

महेशला बोलावलं होतं. आलाच आहेस तर तोडाच शूट कर, म्हणाले. खरी फिल्म हीच. स्वतंत्र फिल्म. पण आमची सरी मागे पडली. ठमाबाईने त्यालाही एक टोपली दिली. दिवस मावळेपर्यंत कॅमेरा बॅगेत होता.

११ ऑक्टोबर

टेम्पो पहाटे गेला. मीही गेले, फुलांवर बसून. गणेशवाडीत मी पहिल्यांदाच नानांशेजारी मापावर उभी राहिले. एका गिऱ्हाइकाने विचारलं, काय करता ताई? मी म्हणाले, फिल्म प्रोड्यूसर. त्याने अजून चार फुलं वर टाकायला सांगितली.

दुपारी फोन उघडला. हॅरिएटचं उत्तर होतं. कळवल्याबद्दल आभार, अजिबात काळजी नको, तुमचं शेत आमच्या यादीतल्या चार पर्यायांपैकी एक होतं. दुसऱ्या राज्यातलं नक्की झालंय. सणाच्या शुभेच्छा.

चारपैकी एक. थिसलगेट आता एवढी मोठी झालीय की तिला एका झेंडूसाठी माझ्यासारख्या चार जणी लागतात. ‘आमचा प्रवास’ पानावर हे कुठेच लिहिलेलं नाही.

नानांना सांगितलं की त्यांचं दुसरीकडे जमलं. नाना म्हणाले, बरं झालं, बिचारे एवढ्या लांबून येणार. त्यांना वाटतंय आपण ब्रिस्टलचं नुकसान केलं. तसंच वाटू दे.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी शस्त्रपूजा. विळा, खुरपी, फवारणीचा पंप, वजनकाटा, नानांची मोटरसायकल. आईने महेशकडून ट्रायपॉड मागून आणला होता. त्यालाही हळदकुंकू आणि झेंडू. कॅमेरा नव्हता. महेश तो घेऊन साखरपुड्याला गेलाय, अशोकनगरला. कंपनीचा पन्नास टक्के स्टाफ रजेवर.

शेतात पाला नुसता हिरवागार. तोडल्या जागी बारीक कळ्या धरताहेत.

दुपारी काळं स्केचपेन घेऊन बसले आणि लेटरहेडवरचं ‘– ब्रिस्टल’ खोडायला लागले. तीन आधीच वापरली, उरली चारशे सत्त्याण्णव. दोनशे सत्तरावर पेन संपलं. दुकानं बंद. उरलेल्या सव्वादोनशे कागदांवर ब्रिस्टल तसंच राहिलं. ते पाठकोरे म्हणून आईला देऊन टाकले. त्यातल्या एकाचा तिने पुडा केला, बाजारातून परत आलेली फुलं त्यात बांधली आणि ठमाबाईकडे पोचवून ये म्हणाली. पोचवून आले.