अंगठ्यावरचं लिंबू

अक्का,

तुला आई म्हणायची सवय मला लागलीच नाही. काका, आत्या, दूधवाला, समोरचे कन्नड शेजारी, सगळे तुला अक्का म्हणायचे म्हणून मीही म्हणायला लागले, आणि तू कधी दुरुस्त केलं नाहीस. आज सकाळपासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे. एचएसआर लेआउटमध्ये मुलाच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या पलंगावर बसून लिहिते आहे. उजवा पाय पट्ट्यात सरळ बांधलेला आहे, त्यावर भार द्यायचा नाही. समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे एवढंच बाहेरचं जग. कुणाकडे पाहुणे आलेत हे मी आता दोरीवरून सांगू शकते.

त्या गुडघ्यात सध्या सांधा नाही. सांध्याच्या जागी औषध भरलेला सिमेंटचा ठोकळा आहे. तुझेच गुडघे माझ्या वाट्याला आले. तू विळीवरून उठताना तांदळाच्या डब्याचा काठ धरायचीस आणि क्षणभर तशीच वाकून राहायचीस. मी विचारायची, "दुखतंय का?" तू शेजाऱ्यांकडून उचललेल्या कन्नडात म्हणायचीस, "स्वल्प", म्हणजे थोडंसं. ताप असला तरी स्वल्प, फोडणीचं तेल हातावर उडालं तरी स्वल्प. तुझ्या वेळी गुडघ्याला लेप आणि गरम पाण्याची पिशवी यापलीकडे काही नव्हतं. मला कृत्रिम सांधा मिळाला. तो बसवल्यावर मी पुन्हा भाजी आणायला जायला लागले, बसच्या पायऱ्या चढायला लागले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "अम्मा, हा सांधा बाहेरून आणलेला आहे. रक्तातून जंतू तिथं पोचले आणि चिकटून बसले, तर औषधांना सहज हलत नाहीत. दात, फोड, लघवीची जळजळ, नखाला पू, काहीही झालं तरी आधी मला कळवा." मी "सरी डॉक्टर" म्हणून होकार दिला. आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलं, बातमीतलं महत्त्वाचं वाक्य शोधण्यात. ते वाक्य मी ऐकलं होतं. नख मात्र मी त्यात धरलंच नाही.

कारण नखुर्ड्याचं औषध मला ठाऊक होतं. मी शाळेच्या कपड्यांत स्वयंपाकघरात उभी आहे, बोट ठणकतंय. तू लिंबाचं टोक कापतेस, आत हळद-मीठ घालतेस आणि माझं बोट त्यात खुपसतेस. मी भोकाड पसरते. "रडतेस काय? बोट तुटलंय का?" तू खेकसतेस, आणि मग डबीतल्या काजळानं त्या लिंबावर दोन डोळे काढतेस. दिवसभर मी ते लिंबू सगळ्यांना दाखवत फिरते.

मागच्या पावसाळ्यात माझ्या उजव्या अंगठ्याला, पायाच्या, नखुर्डं झालं. मी सोफ्यावर पाय पसरून लिंबू चढवलं. मुलगा म्हणाला, "बसत नसेल तर मोसंबी आणू का?" सून पुण्याची, तिला हे प्रकार नवीन. "आई, प्लीज, मी डॉक्टरांना निदान एक फोटो तरी पाठवते."

"अगं, नखुर्ड्याला कुणी हाडांच्या डॉक्टरकडे जातं का? हसतील आपल्याला."

नखुर्डं फुटलं, ठणका थांबला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हुडहुडी भरून ताप आला आणि गुडघा कुकरच्या झाकणासारखा तापला. डॉक्टर रागावले नाहीत. नखातून आलं असेल, नक्की कुणालाच सांगता येणार नाही, एवढंच म्हणाले. सांधा काढावा लागला. आता जंतू गेल्याची खात्री पटली आणि जखम कोरडी राहिली, तरच नवा बसणार. नाहीच गेले तर? मी खोदून विचारलं तेव्हा ते म्हणाले की पुन्हा उघडून धुवावं लागेल, आणि शेवटचा उपाय म्हणजे हाडं एकमेकांना जोडून टाकायची. मग पाय कायमचा असाच, सरळ.

या खोलीत माझं स्वतःचं असं काही उरलेलं नाही. कूस बदलायला हाक, न्हाणीघरापर्यंत जायला हाक, खाली पडलेला चष्मा उचलायला हाक. सून शेजारच्या खोलीत लॅपटॉपवर काम करते. हाक मारली की मीटिंगमधल्या लोकांना "वन मिनिट" म्हणून धावत येते. त्या एका मिनिटाची मला इतकी लाज वाटते की मी तहान दाबून ठेवते. ती कित्येक महिन्यांत माहेरी गेलेली नाही. सोमवारी माझं नवा सांधा बसवायचं ऑपरेशन ठरलंय, मुलानं रजा टाकलीय, मी चालायला लागले की ती पुण्याला जाणार. काल फोनवर तिच्या आईला सांगत होती, "आता झालंच गं, फक्त सोमवार जाऊ दे."

अक्का, खरी बातमी मी इतक्या खाली आणून ठेवली. डेस्कवर कुणी असं केलं असतं तर मी कागद परत फेकला असता. आज सकाळी टाक्यांच्या खालच्या टोकाला ओल दिसली. पिवळसर, चिकट. मी त्यावर रुमाल दाबून वरून पांघरूण ओढून घेतलंय. सोमवारपर्यंत सुकेल, असं स्वतःला सांगते आहे. मघाशी सून नाश्ता ठेवायला आली होती.

"आई, दुखतंय का?"

"स्वल्प," मी म्हटलं. अगदी तुझ्या आवाजात.

ती दारात थांबली. "तुमचं हे स्वल्प मला ना अजिबात झेपत नाही. दुखतंय की नाही, एक काहीतरी सांगा."

मी हसले, ती कामाला गेली. तेव्हापासून लिहिते आहे. रुमाल मघाशी एका कोपऱ्यात ओला होता, आता अर्धा भिजलाय. तुझ्या त्या वाकून उभं राहण्यात किती दुखणं होतं, हे आम्ही कधी मोजलं नाही. तू मोजू दिलं नाहीस. ही पोरगी मात्र विचारते, आणि थांबून विचारते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, उशीखाली राहील. तुला लिहायला बसले ते आठवण आली म्हणून, असं मी वर भासवलं. खरं सांगायचं तर भिंतीपलीकडे एक हाक मारायची होती, आणि तेवढा धीर होईना, म्हणून इतका वेळ तुझ्याशी बोलत बसले. तिची मीटिंग चालू आहे. असू दे. आता पेन ठेवते आणि तिला बोलावते.